भिक्षेचे ऋण
(आचार्य धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र)

राजहंसगडाच्या परिसरात वसलेल्या आपल्या येळ्ळूर गावात भाताची सुगी आटोपली, की पूर्वी दारोदार फिरणाऱ्या भिक्षेकऱ्यांची वर्दळ वाढत असे. पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव चिपळ्या वाजवीत येई. उन्हे वर आली, की भगव्या कफनीतला नाथपंथी गोसावी अलख पुकारीत अंगणात उभा राही. मंगळवारी-शुक्रवारी सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीच्या नावाने परडी घेऊन जोगती जोगवा मागत. लिंगायत घरी जंगम स्वामींचा मान असे, आणि ऊद जाळीत येणारा फकीर तर हिंदूंचे घर आणि मुसलमानांचे घर असा भेद न करता सरसकट सगळ्या उंबऱ्यांवरून जाई. दिगंबर जैन मुनी आजही बेळगाव-निपाणीच्या रस्त्यांवर पायी विहार करताना दिसतात. ते भिक्षापात्रही बाळगीत नाहीत. दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत पडेल तेवढे अन्न घेऊन ते पुढच्या गावाची वाट धरतात.

विद्यार्थी मित्रहो, धडधाकट माणसाने दुसऱ्याच्या दारी हात का पसरावा, असा प्रश्न तुमच्यापैकी अनेकांच्या मनात येत असेल. प्रश्न रास्त आहे, आणि भिक्षेकऱ्यांमध्ये ऐदी आणि ढोंगी माणसे पुष्कळ असतात हेही खोटे नाही. परंतु या प्रश्नाचा निवाडा कोरड्या वादाने करण्यापेक्षा, ज्यांनी ऐन तारुण्यातील सहा-सात वर्षे बव्हंशी परान्नावर काढली आणि खाल्लेल्या घासाचा हिशेब ज्यांच्या मनातून अखेरपर्यंत सुटला नाही, अशा एका पुरुषाचे चरित्र आज तुम्हांस सांगावे असे वाटते. हा पुरुष फार दूरचा नव्हे. आपला घाट उतरला की लागणाऱ्या गोव्याचा तो सुपुत्र.

धर्मानंद दामोदर कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी, त्या काळी सासष्टीत मोडणाऱ्या सांकवाळ या गावी झाला. वडिलांचे नाव दामोदर आणि आईचे आनंदीबाई. घरचा निर्वाह माडांच्या बागायतीवर चाले. गोव्यात पोर्तुगिजांचे राज्य होते, मराठी शिक्षणाची सोय तुटपुंजी, आणि धर्मानंदांची प्रकृतीही नाजूक. त्यामुळे शाळेतील शिक्षण जेमतेमच झाले. वयाच्या पंधराव्या वर्षी, १८९१ मध्ये, लाड घराण्यातील बाळाबाईंशी त्यांचा विवाह झाला. माडांना पाणी घालावे, नारळांचा हिशेब ठेवावा आणि सवड मिळेल तेव्हा हाती येईल ते मराठी पुस्तक वाचावे, हा त्यांचा दिनक्रम होता. घरात कोंकणी आणि पुस्तकात मराठी, अशी ही दुहेरी दुनिया आम्हां कोंकणी मातृभाषा असणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. पुढे धर्मानंदांनी आपले बहुतेक सर्व लेखन मराठीतच केले. तुकोबांच्या गाथेने त्या उदास दिवसांत त्यांना धीर दिला.

अशा या तरुणाच्या हाती १८९७ मध्ये ‘बालबोधमेवा’ या मासिकाचा एक अंक पडला. हे मासिक ख्रिस्ती मिशनच्या वतीने लहान मुलांसाठी निघत असे. त्यात गौतम बुद्धाच्या चरित्रावर एक लेख होता. लेख मुलांसाठी लिहिलेला, साधासुधा. पण तो वाचून एकवीस वर्षांच्या या बागायतदाराच्या मनाने जो ठाव घेतला तो कायमचा. ख्रिस्ती लोकांच्या मासिकाने एका हिंदू ब्राह्मणाला बुद्धाची ओळख करून द्यावी, हा योगायोग मोठा गोड आहे. मुलांच्या मासिकांना कमी लेखणाऱ्यांनी तो अवश्य ध्यानात ठेवावा!

१८९८ मध्ये वडील वारले. पुढच्याच वर्षी धर्मानंदांना पहिली कन्या झाली. तिचे नाव माणिक. आणि त्याच १८९९ सालाच्या अखेरीस, पत्नी आणि तान्हे मूल मागे ठेवून, बौद्ध धर्माचे ज्ञान मिळविण्यासाठी त्यांनी घर सोडले. चरित्रलेखक येथे बहुधा त्यागाचे गोडवे गातात. मला मात्र या ठिकाणी बाळाबाईंची आठवण टाळता येत नाही. ज्ञानाची तहान धर्मानंदांना लागली होती, पण तिचे मोल पहिल्याने त्या माउलीने चुकते केले. पती जिवंत असून त्याचा पत्ता नाही, अशा अवस्थेत त्या काळच्या समाजात एका स्त्रीने दिवस काढणे म्हणजे काय, हे आपल्या आजीला विचारून पाहावे. धर्मानंदांच्या डोक्यावरचे पहिले ऋण हे होते.

धर्मानंद प्रथम पुण्यास आले. तेथे प्रार्थना समाजाचे थोर पुढारी डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. बौद्ध ग्रंथ वाचावयाचे तर आधी संस्कृत पक्के हवे, असे त्यांना कळून चुकले. पुण्याहून ग्वाल्हेरमार्गे, वाटेत मिळेल त्याच्या आश्रयाने, ते १९०० मध्ये काशीस पोहोचले. तेथे गंगाधरशास्त्री तेलंग यांच्यासारख्या विद्वानांजवळ त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. काशीत दानशूर राजेरजवाड्यांनी घातलेली अन्नछत्रे होती आणि परगावचे शेकडो विद्यार्थी तेथे जेवत. धर्मानंदही त्यांतलेच एक झाले. अंगावर पुरेसे वस्त्र नाही, काशीची थंडी कडक, आणि पोटाचा आधार म्हणजे अन्नछत्रातील पान. आपल्याकडे गरीब विद्यार्थी वार लावून किंवा माधुकरी मागून शिकत, त्याच जातीचे हे जिणे होते. माधुकरी हा शब्दच किती अर्थपूर्ण आहे! मधमाशी फुलाफुलावर बसून थोडा थोडा मध घेते, कोणत्याही फुलाला इजा करीत नाही.

संस्कृत झाले, पण बुद्ध कोठे होता? १९०२ मध्ये धर्मानंद नेपाळात गेले. बुद्धाच्या जन्मभूमीजवळ त्याचा धर्म जिवंत असेल, ही त्यांची आशा. ती फोल ठरली. काठमांडूला त्यांना जे दिसले त्यात विधी आणि रूढी होत्या. ज्याच्या शोधात ते आले होते ती विद्या नव्हती. तेथून ते बुद्धगयेस आले. तेथे भेटलेल्या एका भिक्षूने त्यांना सिंहलद्वीपाचा, म्हणजे आजच्या श्रीलंकेचा, रस्ता दाखविला. खिशात पैसा नसलेला हा मनुष्य मग हिमालयाच्या पायथ्यापासून समुद्रापार कोलंबोपर्यंत गेला. वाटेतील प्रत्येक टप्पा कोणीतरी दिलेल्या पैशावर किंवा अन्नावर पार पडला. देणाऱ्यांत हिंदू होते, बौद्ध होते, सुधारक होते, निव्वळ दयाळू माणसेही होती.

कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, म्हणजे भिक्षूंच्या विद्यापीठात, सुमंगलाचार्य या महापंडिताचे शिष्यत्व धर्मानंदांनी पत्करले आणि श्रामणेर, म्हणजे उमेदवार भिक्षू, म्हणून दीक्षा घेतली. पाली भाषा ते येथे शिकले, तीही सिंहली लिपीतून. कारण हे ग्रंथ त्या वेळी नागरी लिपीत मिळत नव्हते. तेथील अन्न मानवेना, प्रकृती ढासळली, तेव्हा ते मद्रासेस परतले आणि पुढे ब्रह्मदेशात गेले. तेथे उपसंपदा घेऊन ते पूर्ण भिक्षू झाले. ध्यानाचा अभ्यासही त्यांनी त्या देशी केला. अधूनमधून भारतात येऊन सारनाथ, कुशिनारा, राजगृह, लुंबिनी ही बुद्धाच्या पाऊलखुणांची स्थळे ते हिंडले.

भिक्षूच्या भिक्षेला पाली भाषेत पिंडपात म्हणतात. तिचे नियम आपल्या गोसाव्याच्या किंवा वासुदेवाच्या रीतीहून निराळे आहेत. भिक्षूने दारापुढे मुकाट्याने उभे राहावे. काही मागू नये, गाऊ नये, आशीर्वादाचे आमिष दाखवू नये. पात्रात पडेल ते, आवडते असो की नावडते, मिसळून खावे, आणि तेही दुपार होण्यापूर्वी. पैशाला स्पर्श करू नये, उद्यासाठी साठवू नये. ब्रह्मदेशात गृहिणी पहाटे भात रांधून भिक्षूंची वाट पाहत उभ्या राहतात. आपल्या देशात मात्र त्या पिवळ्या वस्त्राची ओळखही शतकानुशतके पुसली गेली होती. ज्या भूमीत भिक्षू हा शब्द जन्मला, तेथेच भिक्षू परका झाला होता. धर्मानंदांना हे शल्य होते. आपण शिकलो ते आपल्याच लोकांना परत दिले पाहिजे, विशेषतः महाराष्ट्राला, असे त्यांच्या मनाने घेतले.

याच कारणाने १९०६ मध्ये कलकत्त्यास आल्यावर त्यांनी भिक्षुवस्त्र उतरविले. ज्या वस्त्रासाठी घर सोडले तेच टाकले, म्हणून कोणी त्यांस चंचल म्हणेल. मला यात चंचलपणा दिसत नाही. परान्नावर जगून मिळविलेली विद्या आता वाटावयाची होती, आणि त्यासाठी शाळा-महाविद्यालयांत, संसारी माणसांत उतरणे भाग होते. वंगभंगाच्या चळवळीत निघालेल्या राष्ट्रीय महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविण्यास आरंभ केला. पुढे कलकत्ता विद्यापीठातही शिकविले. त्याच सुमारास ते गोव्यास जाऊन पत्नीला भेटले आणि मोडलेला संसार पुन्हा उभा राहिला. १९०७ च्या जुलै महिन्यात त्यांना पुत्र झाला. तोच पुढे गणितज्ञ आणि इतिहाससंशोधक म्हणून जगभर नावाजलेला दामोदर धर्मानंद कोसंबी.

कलकत्त्यास असतानाच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांची गाठ पडली. महाराजांनी विलक्षण अट घातली. महाराष्ट्रात कोठेही राहावे, दरमहा ५० रुपये घ्यावेत आणि वर्षाकाठी एक ग्रंथ लिहून द्यावा. कलकत्ता विद्यापीठ दरमहा २५० रुपये देण्यास सिद्ध असता धर्मानंदांनी हे ५० रुपये पत्करले. व्यवहारी मनुष्य यावर हसेल. पण व्यवहार धर्मानंदांनाही कळत होता. त्यांचा हिशेब फक्त वेगळ्या वहीत मांडलेला होता. कलकत्त्याच्या नोकरीत ऋण फिटत नव्हते, मराठीत ग्रंथ लिहिण्याने ते थोडे तरी फिटणार होते. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’, ‘बुद्धलीलासारसंग्रह’ ही त्यांची सुबोध पुस्तके पुढील काही वर्षांत मराठी वाचकांच्या हाती आली.

१९१० मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठातून बोलावणे आले. काम होते आचार्य बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाची शुद्ध प्रत तयार करण्याचे. पाचव्या शतकातला हा अफाट पाली ग्रंथ हेन्री क्लार्क वॉरन या अमेरिकन पंडिताने हाती घेतला होता. तो ते काम अर्धवट टाकून १८९९ मध्ये, म्हणजे धर्मानंदांनी घर सोडले त्याच वर्षी, वारला. सिंहली आणि ब्रह्मदेशी लिप्यांतील हस्तलिखिते ताडून पाहण्याचे हे काम करू शकणारा माणूस म्हणून विद्यापीठाने निवड केली ती एकही पदवी नसलेल्या, काशीच्या अन्नछत्रात जेवलेल्या या गोवेकराची! तथापि संपादक म्हणून कोणाचे नाव कसे यावे याविषयी प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले, आणि धर्मानंद काम तसेच ठेवून १९१२ मध्ये परत आले. मिंधेपणाने अन्न घेणे वेगळे आणि नम्रपणे घेणे वेगळे. दुसरे ते पुष्कळ वर्षे करीत आले होते, पहिले त्यांना जमले नाही. पुढे हार्वर्डच्या त्यांनी आणखी तीन वाऱ्या केल्या.

या ‘विसुद्धिमग्गा’त एक विचार आहे, तो या चरित्राच्या अगदी गाभ्याशी येतो. भिक्षू जे दान भोगतो त्याचे बुद्धघोषाने चार प्रकार सांगितले आहेत. शील नसलेला भिक्षू अन्न खातो तो चोरी करतो. शीलवान, पण विचार न करता खाणारा, कर्ज काढून खातो. मार्गावर असलेला साधक वारसाहक्काने खातो. आणि ज्याची सारी तृष्णा संपली तो अर्हत तेवढा धनी म्हणून खातो. दारात येणाऱ्या कोणत्याही पंथाच्या भिक्षेकऱ्याला, आणि खरे तर फुकटचे काही घेणाऱ्या प्रत्येकाला, लावून पाहावी अशी ही कसोटी आहे. धर्मानंदांनी या ग्रंथाची अक्षरन् अक्षर तपासणी केली. इतकी वर्षे त्या ओळींच्या सहवासात राहणाऱ्या माणसाने आपण यांपैकी कोणत्या प्रकारात बसतो हे स्वतःला विचारले नसेल, हे संभवत नाही.

१९१२ ते १९१८ धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत होते. मुंबई विद्यापीठात पालीचा अभ्यास सुरू होण्यात डॉ. भांडारकरांइतकाच त्यांचाही वाटा होता. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट, ना. के. भागवत यांसारखे त्यांचे शिष्य पुढे त्या विद्येचे आधारस्तंभ झाले. १९१८ मध्ये ते दुसऱ्यांदा अमेरिकेस निघाले तेव्हा माणिक आणि दामोदर या दोन्ही मुलांना त्यांनी बरोबर नेले. ज्या तान्ह्या मुलीला सोडून ते १८९९ मध्ये निघाले होते, ती एकोणीस वर्षांची कन्या सातासमुद्रापलीकडे पदवीपर्यंत शिकली. एक जुने देणे अशा रीतीने फेडले गेले.

परतल्यावर महात्मा गांधींनी स्थापिलेल्या गुजरात विद्यापीठात त्यांनी काम केले. एके काळी बेळगावच्या गणेश विद्यालयात शिकविणारे काकासाहेब कालेलकर तेथे त्यांचे सहकारी होते. १९२४ मध्ये ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मचरित्र ग्रंथरूपाने निघाले. आपल्या भटकंतीची कहाणी त्यांनी त्यात इतक्या निगर्वी भाषेत सांगितली आहे, की मोठ्या मुलांनी ते जरूर वाचावे. त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. रशियातील लेनिनग्राड येथेही ते काही काळ पाली शिकवीत होते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पडून त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे मुंबईच्या परळ भागात, गिरणीकामगारांच्या वस्तीत, जुगलकिशोर बिर्ला यांच्या साहाय्याने १९३७ मध्ये उभ्या राहिलेल्या बहुजनविहारात ते राहू लागले. मोठमोठ्या विद्यापीठांतून फिरलेला पंडित चाळींच्या शेजारी येऊन राहिला, ही गोष्ट मला त्यांच्या सर्व मानसन्मानांहून मोठी वाटते.

१९४० च्या सुमारास ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा मुख्य ग्रंथ सिद्ध झाला. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थ मध्यरात्री पत्नीला न सांगता निघून गेला, ही कथा आपण सारे ऐकत आलो आहोत. धर्मानंदांनी प्राचीन पाली सुत्ते धुंडाळून ती नाकारली. शाक्य आणि कोलीय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होता. आप्तांनी आप्तांवर शस्त्र धरण्याचा तो प्रकार पाहून सिद्धार्थाला वैराग्य आले, आणि रडणाऱ्या आईबापांच्या समोरच, चोरून नव्हे, त्याने गृहत्याग केला, असे त्यांनी मांडले. नदीच्या पाण्यावरून शेजारी-शेजारी कसे भांडतात, हे सीमाभागात राहणाऱ्या आपणांस समजावून सांगावयास नको. याच ग्रंथात प्राचीन श्रमणांच्या मांसाहाराविषयी त्यांनी जे लिहिले त्याने जैन समाजात मोठा क्षोभ उसळला. धर्मानंदांनी आपले मत सोडले नाही, आणि जैन धर्माविषयीचा आदरही सोडला नाही. पार्श्वनाथाने सांगितलेले अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह हे चार याम सर्व माणसांच्या कल्याणाचा पाया आहेत, अशी त्यांची उतारवयात खात्री झाली. त्यावर त्यांनी एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. घरात तुकोबा, तारुण्यात ख्रिस्ती मासिक, काशीचे शास्त्री, लंकेचे भिक्षू, गांधींचा आश्रम आणि अखेर जैनांचे तीर्थंकर, असा हा प्रवास. कोणत्याही मठाचा शिक्का त्यांनी कपाळी लावून घेतला नाही.

सत्तरीला आलेले शरीर आता व्याधींनी जर्जर झाले होते. ज्या देहाकडून सेवा घडत नाही त्याने दुसऱ्यांचे अन्न आणि श्रम का घ्यावेत, असा विचार त्यांच्या मनात बळावला. जैन साधू अंतकाळ जवळ आल्यावर सल्लेखना व्रताने हळूहळू अन्न वर्ज्य करतात, तोच मार्ग त्यांनी निवडला. १९४६ मध्ये उत्तर प्रदेशातील दोहरीघाट येथे त्यांनी उपवास आरंभिला, परंतु गांधीजींच्या आग्रहावरून सोडला. पुढे ते वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमात आले. दुखणे हटेना. १९४७ च्या मे महिन्यात त्यांनी पुन्हा अन्न वर्ज्य केले आणि ४ जून १९४७ रोजी त्यांचे देहावसान झाले. देश स्वतंत्र होण्यास अडीच महिनेही उरले नव्हते. गांधीजींनी दिल्लीच्या प्रार्थनासभेत त्यांचे गौरवाने स्मरण केले.

आजाऱ्याची शुश्रूषा करणे हे कोणत्याही घराला ओझे वाटू नये, आणि आजाऱ्यालाही आपण ओझे आहोत असे वाटू नये, या मताचा मी आहे. म्हणून धर्मानंदांच्या या शेवटच्या निर्णयापुढे मी नमस्कार करून उभा राहतो, पण होकार देऊ शकत नाही. त्यांची बौद्धिक बाजू मात्र समजते. ज्याने अन्नाकडे आयुष्यभर ऋण म्हणून पाहिले, त्याला फेडण्याची शक्ती सरल्यावर नवे कर्ज नको होते. आपण किती फेडले याचा अंदाज मात्र त्यांना आला नसावा. नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा बुद्धाचे चरित्र मराठीत वाचू इच्छिणाऱ्यांसाठी धर्मानंदांची पुस्तके तयार होती.

पार्श्वनाथांवरील त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. ‘विसुद्धिमग्गा’ची नागरी प्रत भारतीय विद्या भवनाने १९४० मध्येच छापली होती. पण हार्वर्डची रोमन लिपीतील प्रत, जिच्यासाठी ते चार वेळा समुद्र ओलांडून गेले, ती १९५० मध्ये बाहेर पडली. ते काम आरंभिणारा वॉरन तेव्हा हयात नव्हता, आणि तडीस नेणारे धर्मानंदही नव्हते. मुखपृष्ठावर मात्र दोघांची नावे आहेत.